उजवी कूस

वादळात वीज गेली तेव्हा आमच्या घरात सगळ्यात आधी गप्प झाला तो बाबांच्या गादीचा पंप. फ्रीज, पंखे, पाण्याची मोटर यांच्या नावाने आम्ही नंतर रडलो. पंपाचं मात्र लगेच कळलं, कारण त्याची घरघर दोन वर्षं दिवसरात्र चालू होती.

बाबा म्हणजे माझे सासरे. जन्मभर क्रेन चालवली. दोन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. बोलतात हळू, पण स्वच्छ, आणि डोकं माझ्यापेक्षा जास्त चालतं. स्वतःहून कुशीवर मात्र वळता येत नाही. अशा माणसाला एकाच जागी पडू दिलं की हाडावरची कातडी आधी लाल होते, मग फुटते, आणि एकदा फुटली की महिनोन्‌महिने भरत नाही. म्हणून ती हवेची गादी. तिच्यात आडव्या नळ्या असतात. पंप आळीपाळीने काही फुगवतो, काही सोडतो, म्हणजे अंगाचा भार एका जागी राहत नाही. वीज गेली की त्या गादीचं प्लॅस्टिकचं पोतं होतं.

त्या रात्री नवऱ्याने बाबांना उचललं, मी पोतं ओढून काढलं आणि आमच्या पलंगावरची फोमची गादी तिथे टाकली. आम्ही दोघं चटईवर. तेव्हापासून दर दोन तासांनी बाबांना हाताने वळवायचं, हे ओघाने आलंच. गादी येईपर्यंत सुरुवातीचे काही दिवस आम्ही तेच केलं होतं, त्यामुळे मला त्याची धास्ती नव्हती. धास्ती होती ती अटीची.

ती अट आधी सांगते. बाबांना न्यायचं म्हणून माझ्या नणंदेने वर्षभरापूर्वी स्वतःच्या घरी तळमजल्यावरची एक खोली तयार केली. रंग काढला, दार रुंद करून घेतलं, पलंगाजवळ प्लग बसवले. मग आमच्याकडे येऊन म्हणाली, “आता बाबांना मी नेते.” मी म्हटलं, “खोली छानच झालीये. पाहुण्यांच्या उपयोगी पडेल.” झालं. त्या दिवसापासून तिने माझ्याशी बोलणं टाकलं, आणि मीही काही तिच्या मागे लागले नाही. आमचं तसंही विळ्या-भोपळ्याचं सख्य. शेवटी नवरा दोघींच्या मध्ये चेपून निघाला आणि एक दिवस म्हणाला, “बाबांच्या अंगावर एक जरी जखम झाली, तर ताई त्यांना नेईल. नाही झाली, तर ते इथेच राहतील. यापुढे हा विषय बंद.” मी म्हटलं, चालेल. ती भिंतीला म्हणाली, चालेल. दोन वर्षांत मी बाबांच्या अंगावर साधा ओरखडा येऊ दिला नव्हता, आणि माझा सगळा तोरा तेवढ्यावरच होता. त्याहून खरं सांगायचं तर मला बाबांना सोडायचं नव्हतं. या घरात माझे विनोद कळणारा तो एकच माणूस होता. हे सगळं ठरलं तेव्हा बाबा तिथेच पलंगावर पडून पेपर वाचत होते.

वादळाच्या दुसऱ्या दिवशी नणंद आली. आली म्हणजे चालत आली, पाठीला सॅक लावून, कारण तिच्याकडून इकडे येणारे रस्ते बंद होते. ती शाळेत खेळ शिकवते. सगळं जग रांगेत उभं आहे आणि कोणीतरी रांग मोडलेली आहे, अशा नजरेने बघते. दारातूनच बाबांना म्हणाली, “वीज येईपर्यंत मी इथेच आहे.” म्हणजे ते मला सांगितलं. मी कपाळावर हात मारून घेतला, पण आतल्या आत. सकाळी बाबांना सांभाळायला येणाऱ्या बाई येऊ शकत नव्हत्या, आणि नवऱ्याचा उपयोग शून्य होता. तो खिडक्यांना काचा बसवतो. वादळ म्हणजे त्याची सुगी. सकाळी उजाडताच टेम्पो घेऊन जायचा तो अंधार पडल्यावरच यायचा. मी ज्या दाताच्या दवाखान्यात स्वागताच्या टेबलावर बसते तो बंद होता, कारण मशीनच चालत नसेल तर लोकांनी तोंड उघडून तरी काय उपयोग. तेव्हा दिवसभर घरात आम्ही तिघं.

एक कबूल करायला हवं, की तिच्यामुळे पुष्कळ निभावलं. मोटर बंद म्हणजे वरच्या टाकीत पाणी नाही. खालच्या हौदातून ती दोन्ही हातांत बादल्या घेऊन पहिल्या मजल्यावर चढायची आणि धापसुद्धा टाकायची नाही. मी फ्रीजमधलं सगळं पहिल्याच दिवशी शिजवून टाकलं. त्यामुळे त्या दिवशी आम्ही लग्नघरासारखे जेवलो आणि त्यानंतर उकडलेली अंडी, बटाटे आणि दुधाच्या पावडरीचा चहा. गॅस होता हे नशीब. मोबाइल नवऱ्याच्या टेम्पोत चार्ज होऊन यायचे. मेणबत्त्या मी कपाटात ठेवल्या होत्या आणि मागितल्याशिवाय देत नव्हते.

बोलणं सगळं बाबांमार्फत. ती म्हणायची, “बाबा, पाणी आणलंय, सांगा.” मी शेजारीच उभी असायचे. मी म्हणायचे, “बाबा, बघितलं म्हणावं.” पहिल्या दिवशी बाबा वैतागले. “मला काय टपाल खात्यात नोकरी लागलीये का?” म्हणाले. काही दिवसांनी मात्र त्यांची कुरकुर थांबली. उलट जरा खुशीतच दिसायला लागले. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

बाबांना वळवायच्या पाळ्या आमच्या न बोलताच ठरल्या होत्या. एकदा ती, एकदा मी. गुडघा वाकवायचा, खांदा आणि कंबर धरून हळूच लोटायचं, पाठीला उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. बाबा वाळलेले आहेत, एकटीला जमतं. रात्री नवरा वळवायचा.

आता खोली कशी आहे ते सांगते. बाबांचा पलंग दवाखान्यातला असतो तसा आहे, चाकांचा. उशाकडच्या टोकाला एक हँडल आहे, ते फिरवलं की डोक्याकडचा भाग वर उचलला जातो. आडवं पडून प्यायले की त्यांना ठसका लागतो, म्हणून तो हवाच. पायांकडच्या दांड्यावर पंप टांगलेला. प्लग कोपऱ्यात, आणि पंपाची वायर आखूड, म्हणून पाय त्या कोपऱ्याकडे. अशा ठेवणीत बाबांची डावी बाजू भिंतीला आणि उजवी बाजू खिडकीला. डाव्या कुशीवर वळवलं की समोर भिंत, उजव्या कुशीवर वळवलं की समोर खिडकी आणि तिच्यातून रस्ता.

त्याच रस्त्यावर वादळाने एक प्रचंड झाड आडवं केलं होतं. पडताना त्याने विजेचे खांबही बरोबर घेतले. तारा, फांद्या, खांब, सगळ्याचा असा गुंता झाला होता की वायरमन आले, बघून गेले. मग करवती घेऊन माणसं आली, फांद्या कापून गेली. आणि मग एका सकाळी क्रेन आली.

क्रेन आली आणि बाबांचा नूरच पालटला. पडदा पूर्ण सरकवायला लावला. चष्मा मागितला. उशाचा भाग वर करायला लावला. आणि मग सुरू झालं. “पाय नीट टेकवले नाहीत त्याने. खाली मऊ माती आहे, फळ्या घाल म्हणावं.” “एवढा लांब कशाला काढलाय हात?” “हा आज क्रेन पाडतो की नाही बघ.” उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. मी म्हटलं, “बाबा, तुम्ही इथून, तो तिथे. त्याला ऐकू जाणार आहे का?” ते म्हणाले, “मला तर ऐकू येतंय ना.” त्या दिवशी त्यांनी दोन अंडी खाल्ली आणि तिसरं मागितलं. मला इतकं बरं वाटलं की दुसरं काही माझ्या लक्षातच आलं नाही.

माझी पाळी आली की मी खोलीत जायचे. बाबा उजव्या कुशीवर, नजर बाहेर.

“ताईंनी वळवलं का?”

“आत्ताच. तू यायच्या आधी.”

नुकत्याच वळवलेल्या माणसाला पुन्हा कशाला हलवायचं? मी उशी नीट करायचे, पाणी द्यायचे आणि बाहेर यायचे. मनात म्हणायचे, ही बाई माझ्या पाळीतही घुसते, मी चुकले असं दाखवायला. रागाने मी तिला काहीच विचारायचे नाही.

क्रेन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाबांचं अंग पुसत होते. पडदा ओढून घेतला होता. उजव्या खुब्यावर हात फिरवला आणि तिथे कातडी गरम लागली. पडदा थोडा सरकवून पाहिलं. लाल चकंदळ, तळहाताच्या खळग्याएवढं. अंगठ्याने दाबलं. चांगली कातडी दाबली की पांढरी पडते आणि मग पुन्हा रंगावर येते. ही पांढरी पडली नाही. लालच राहिली.

म्हणजे अजून फुटली नव्हती, पण वाटेवर होती.

नणंद पाण्याला खाली गेली होती. चादर वर ओढली असती तर तिला काहीच दिसलं नसतं. हा विचार माझ्या मनात आला, आणि आला तसा लगेच गेलाही नाही. पण मग लक्षात आलं, की आता बाबांना उजव्या कुशीवर अजिबात टाकून चालणार नाही, आणि तिच्या पाळीत ती टाकणारच. तिला सांगितल्याशिवाय काही जमणार नव्हतं. तेव्हा माझ्या सचोटीचं कौतुक करू नका, दुसरा इलाजच नव्हता. जिन्यात तिची पावलं वाजली तशी मी दारात गेले आणि म्हटलं, “ताई, जरा इकडे या.”

ती बादल्यांसकट थबकली आणि मागे वळून पाहिलं, आणखी कोणी ताई आहे का म्हणून.

तिने हात पुसले, वाकून बघितलं, अंगठ्याने दाबलं. मला वाटलं आता ही शिट्टी फुंकणार. ती फक्त म्हणाली, “सकाळपासून तू किती वेळा वळवलंस?”

“मी? तुम्हीच वळवत होतात ना. मी येते तेव्हा तुम्ही आत्ताच वळवून गेलेल्या असता.”

“मी सकाळपासून हात लावलेला नाही. हे म्हणाले, आत्ताच तू वळवलंस.”

“मला म्हणाले, तुम्ही.”

“काल?”

“कालही तेच.”

आम्ही दोघींनी पलंगाकडे पाहिलं. बाबांनी डोळे मिटलेले. झोपलेल्याला उठवता येतं, सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात. पण म्हणणाऱ्यांनी माझ्या नणंदेचा आवाज ऐकलेला नसावा. “बाबा,” एवढंच ती म्हणाली, आणि त्यांनी डोळे उघडले.

“काल सबंध दिवस एकाच कुशीवर?”

“सबंध नाही,” बाबा नणंदेकडे बघत म्हणाले. “दुपारी एकदा हिने काही न विचारता वळवलं. पाऊण तास भिंत बघत होतो.”

“पण का?”

“क्रेन उजवीकडे आहे.”

“मग तसं सांगायचं,” मी म्हटलं.

“सांगून काय, तुम्ही डावीकडे क्रेन मागवली असती?”

“आणि अट माहीत होती ना तुम्हाला? जखम झाली तर काय ठरलंय ते?”

“माहीत होती. पण दुखत नव्हतं.” ते खरं होतं. उजव्या बाजूला त्यांना काही लागतच नाही. “आणि तुम्ही दोघी एकमेकींशी एक शब्द बोलला असतात, तर मी पहिल्याच फेरीला सापडलो असतो. नाही बोललात, त्याला मी काय करू?”

दोघांचं भांडण तिसऱ्याचा लाभ. इथे तिसऱ्याचा लाभ त्याच्याच खुब्यावर उमटला होता. मी इतकी चिडले की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन वर्षं मी या माणसाची चादर सुरकुती काढून घातली, आणि याने एका क्रेनसाठी सगळं पाण्यात घातलं होतं. तसं मी त्यांना तोंडावर बोलूनही दाखवलं. बाबांनी ऐकून घेतलं. बाहेर क्रेनचं इंजिन सुरू झालं तशी त्यांची मान आपसूक तिकडे वळली.

“आधी उजवी बाजू मोकळी करू,” नणंद म्हणाली. आम्ही दोघींनी मिळून बाबांना डाव्या कुशीवर घेतलं. उशा लावल्या. आणि बाबा भिंतीकडे बघत राहिले. मागे क्रेन घरघरत होती, माणसं ओरडत होती, “सावकाश, सावकाश,” आणि बाबांच्या नाकासमोर वीतभर अंतरावर फिकट हिरवा रंग.  

नणंद त्यांच्या डोक्याशी वाकली आणि त्यांना दिसत होतं ते तिने बघितलं. “दोन वर्षं हेच?” ती म्हणाली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मी तिला वायर आखूड असल्याचं सांगितलं, प्लग कोपऱ्यात असल्याचं सांगितलं, पंप पायांकडेच टांगावा लागतो तेही सांगितलं. यातला शब्द न्‌ शब्द खरा होता.

“पण आता वीज कुठे आहे?” ती म्हणाली.

वायरीची अडचण आता नव्हतीच. पलंग उशाकडचा पायांकडे असा उलटा फिरवला तर बाबांची डावी बाजू खिडकीकडे येत होती. आम्ही बाबांना खुर्चीत बसवून खिडकीशी नेलं आणि कामाला लागलो. खोली अरुंद. आधी कपाट बाहेर काढावं लागलं, ते काढायला त्यातले कपडे काढावे लागले. मग पलंगाची एक बाजू दारात घालून, दुसरी बाजू भिंतीला घासत, इंच इंच. नणंद मला कवायतीसारखे हुकूम सोडत होती. “एक, दोन, उचल. सोड. तुझी बाजू आत घे. तुझी, माझी नाही.” मीही तिला सुनावत होते. गोड बोलणं त्यात एकही नव्हतं, पण सगळं थेट होतं, मध्ये टपाल नव्हतं. भिंतीचा पोपडा निघाला, माझं नख तुटलं आणि पलंग फिरला.

बाबा खुर्चीतून म्हणाले, “उशी त्या टोकाला टाकली असती तरी झालं असतं की.”

“आणि हँडल?” नणंद म्हणाली. “हँडल फिरवल्यावर पाय वर झाले असते तुमचे.”

बाबांनी थोडा विचार केला. “हो, ते खरं,” म्हणाले.

मग डाव्या कुशीवर, समोर खिडकी. दुपारी क्रेनने झाडाचा बुंधा उचलला. बाबांनी श्वास रोखला होता, क्रेन आता कलंडणार याची त्यांना खात्री होती. क्रेन काही कलंडली नाही. बुंधा सरळ वर गेला, फिरला आणि ट्रकवर जाऊन बसला. “आताच्या क्रेनला सगळं येतं,” बाबा पडेल आवाजात म्हणाले. नणंद हसली. मी पहिल्यांदाच तिचं हसणं इतक्या जवळून पाहिलं, आणि ते हुबेहूब बाबांचं होतं.

दिवसभर आम्ही त्यांना डावी कूस आणि जरा तिरकी पाठ, एवढंच आलटूनपालटून दिलं. आता कोणीही बाबांना काही विचारत नव्हतं. मी तिला विचारायचे, ती मला. संध्याकाळी नवरा आला. हाताला पट्टी, केसांत काचेची धूळ. नणंदेने त्याला सगळं सांगितलं, माझ्यासमोर, माझी बाजू न गाळता. त्याने पलंग दोन्ही बाजूंनी बघून घेतला. “मग अट?” त्याने घाबरतच विचारलं.

“लाल आहे, जखम नाही,” ती म्हणाली. “सकाळी बघू.”

रात्रभर मी किती वेळा उठले ते सोडून द्या. सकाळी अंगठा तिनेच ठेवला. मी बघत होते. कातडी पांढरी पडली आणि हळूच रंगावर आली. तिने पुन्हा दाबून पाहिलं. पुन्हा पांढरी. “गेलं,” ती म्हणाली. शाळेत हरलेल्या मुलांना ती जिंकणाऱ्यांशी हात मिळवायला लावते म्हणे. तिने माझ्याशी हात मिळवला नाही, पण माझ्याकडे बघून मान हलवली, आणि तेवढंही तिला जड गेलं हे मला दिसलं.

दुपारी वीज आली. अख्ख्या गल्लीत एकदम आरडाओरडा झाला. फ्रीज हुंदका देऊन चालू झाला. नवरा घरी होता. त्याने टेम्पोतून जुनी लांब वायर आणली, तिला बोर्ड जोडला आणि पलंग होता तसाच ठेवून पंप लावून दिला. पाच मिनिटांचं काम. दोन वर्षं कोणाला सुचलं नव्हतं, मला धरून. गादी फुगली, बाबांना तिच्यावर घेतलं, घरघर सुरू झाली.

नणंद सॅक भरायला लागली. कपड्यांच्या घड्या करकरीत. मी जिंकले होते, आणि जिंकलेल्याने गप्प बसावं, चहा टाकावा, पाहुण्याला दारापर्यंत पोचवावं. पण ती हिरवी भिंत काही माझ्या डोक्यातून जात नव्हती. अट नवऱ्याने घातली, मान्य आम्ही दोघींनी केली, आणि जिच्यावरून सगळं ठरायचं ती कातडी ज्याची, त्याला कोणी एका शब्दाने विचारलं नव्हतं. मी पलंगाशी जाऊन उभी राहिले.

“बाबा, तुम्हाला कुठे राहायचंय?”

नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच खिडकीची काच फोडली आहे. नणंदेचा हात सॅकच्या चेनवर थांबला.

“खरं सांगू?” बाबा म्हणाले.

“खरंच सांगा. खोटं बोलायचा कोटा संपलाय तुमचा.”

“हिच्याकडे जातो.” त्यांनी डाव्या हाताने नणंदेकडे दाखवलं.

मला वाटलं होतं की ते इथेच म्हणतील. म्हणजे मी विचारलं होतं प्रामाणिकपणे, पण मनातून उत्तर ठरवून ठेवलेलं होतं.  मी म्हटलं, “माझं काय चुकलं? ती भिंत का?”

“भिंतीचं काय घेऊन बसलीस. तुझं काही चुकलं नाही.” बाबांना सलग बोलायला त्रास होतो. त्यांनी मध्येच दम घेतला. “तू माझं सगळं केलंस. तुझं काही करायचं राहिलेलं नाही. हिचं सगळंच राहिलंय. ती खोली वर्षभर रिकामी आहे. उद्या मी गेलो तर तू रडशील, पोटभर, आणि उठून कामाला लागशील. ही तशी उठणार नाही. त्या खोलीचं दार बंद करून बसेल आणि तुम्हा दोघांशी जन्मभर बोलणार नाही. मी ओळखतो हिला. माझ्यावरच गेलीये.”

“बाबा, असलं काही बोलू नका,” नणंद म्हणाली. आवाज तिचा नेहमीचाच होता, पण ती सॅकवरच बसली, आत घड्या केलेले कपडे असून.

मला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला, कारण म्हातारा बरोबर होता आणि मला ते सुचलं नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ मोठा सोडला आणि रडले. त्यात लाजण्यासारखं काय आहे? नवरा दारापर्यंत आला, बघितलं आणि शहाण्यासारखा परत गेला. तोंड धुऊन मी खोलीत आले तेव्हा नणंद तशीच बसली होती.

“उद्या सकाळी टेम्पोने नेऊ,” मी तिला म्हटलं. “गादी आधी न्यावी लागेल, फुगायला वेळ लागतो. पाठीची उशी ही जाडीच घ्या, मऊ उशी सरकते. आणि गरम चहा देऊ नका, कोमट द्या. मागतील गरम.”

“तूच ये ना,” ती म्हणाली. “खोली सगळी केली मी, पण पलंग कसा लावायचा ते… मला एकटीला नाही जमणार.”

दोन दोन बादल्या घेऊन जिना चढणाऱ्या या बाईच्या तोंडून ते वाक्य ऐकायला मिळेल असं मला कधी वाटलं नव्हतं. दुसरा कुठला दिवस असता तर मी ते तिला ऐकवलंही असतं.

“येते,” मी म्हटलं. बाबांना वळवायची वेळ झाली होती. मी उशी काढली, आणि ती उठून पलंगाच्या दुसऱ्या बाजूला गेली आणि तिने चादर धरली.